मोरोपंत आणि आमचे भिंतीवरचे घड्याळ

मी इयत्ता चौथीत शिकतो. आमचे गाव इंदापूर तालुक्यात आहे, पण माझे आजोळ बारामतीला. मागच्या महिन्यात गुरुजींनी मला भित्तिपत्रकासाठी मोरोपंतांची माहिती लिहायला सांगितली. ताईच्या पाचवीच्या पुस्तकातून मी नुकतेच रोमन अंक शिकलो होतो, म्हणून साले त्यातच लिहिली. त्यात चूक निघाली, तीही पालकांच्या सभेत, सगळ्यांच्या देखत. म्हणून हा कागद पुन्हा लिहिला आहे.

मोरोपंत पराडकर यांचा जन्म 1729 साली पन्हाळगडावर झाला. आता हे साल रोमनमध्ये बघा. एम म्हणजे हजार, डी म्हणजे पाचशे, सी म्हणजे शंभर. म्हणून एम डी सी सी हे झाले सतराशे. पुढे विसाचे एक्स एक्स आणि नवाचे आय एक्स. लहान अक्षर अगोदर आले की वजा करायचे, दहातून एक गेला, नऊ राहिले. एकूण 8 अक्षरे.

पन्हाळ्यावर केशव पाध्ये व गणेश पाध्ये या पंडितांकडे ते संस्कृत शिकले. त्यांचे वडील बारामतीला बाबूजी नाईकांकडे नोकरीला होते. बाबूजी नाईक मोठे सावकार, पेशव्यांचे नातेवाईक. सुमारे 24 वर्षांचे असताना मोरोपंतही बारामतीला आले आणि नाईकांच्या आश्रयाने जन्मभर तिथेच राहिले. नाईकांचा वाडा अजून कऱ्हा नदीच्या काठी आहे. मामाने मला दाखवलाय.

मोरोपंतांनी आर्या वृत्तात हजारो कविता केल्या. सगळे महाभारत मराठीत आणले. केकावली लिहिली. केका म्हणजे मोराचे ओरडणे, आणि यांचे नावच मोरो! पण मला सगळ्यात आवडले ते हे की त्यांनी 108 रामायणे लिहिली. गोष्ट एकच, पण पुष्कळ रामायणांत काहीतरी नवीन गंमत. एक आहे निरोष्ठ रामायण. त्यात ओठाला ओठ लागेल असे अक्षरच नाही. मी आरशासमोर करून बघितलं. आई, काका, आत्या म्हणता येतं. बाबा, मामा, मावशी म्हणता येत नाही. आणि राम पण म्हणता येत नाही! राम न म्हणता रामायण लिहायचे, हे मला तर एक ओळ पण जमले नाही.

रोमन अंकांत पण असेच एक नसते, ते म्हणजे शून्य. आपल्या 108 मधले शून्य पुसले तर 18 होतील. रोमनमध्ये सी लिहायचा, पुढे व्ही आय आय आय, झाले एकशे आठ. दशकाचे घर रिकामे तर काही लिहायचेच नाही.

1794 साली चैत्री पौर्णिमेला मोरोपंत बारामतीलाच वारले. तेव्हा आपल्याकडे शक लिहीत, तो होता शके 1716. वय 65, म्हणजे एल एक्स व्ही.

माझी चूक झाली ती या 1794 मध्ये. शेवटच्या चारासाठी मी चार वेळा आय काढला. एकाचे वडील म्हणाले की हे चूक आहे, आणि सगळी पोरं हसली. मी मान्यच करीना. आमच्या घरच्या घड्याळात चार तसेच आहेत, रोज बघतो ना मी! दुसऱ्या दिवशी घड्याळ पिशवीत घालून शाळेत नेलं. गुरुजींनी ते सगळ्यांना दाखवलं. घड्याळवाले पुष्कळदा चार असेच काढतात आणि खुद्द रोमन लोकही दोन्ही तऱ्हांनी लिहीत, असे त्यांनी सांगितले. पण पुस्तकात व परीक्षेत आय व्ही लिहायचे. म्हणून आता बरोबर लिहितो: एम डी सी सी एक्स सी आय व्ही. ही पण 8 अक्षरेच.

आज्जीचं लग्न 1972 च्या दुष्काळात झालं. तिला मी तिचं साल काढून दिलं, एम सी एम एल एक्स एक्स आय आय. तिने बोटांवर मोजली, तर तीही 8 भरली.