सनद नसलेला लेखक : बी. रघुनाथ



जालन्याहून परभणीकडे जाणाऱ्या रेल्वेत आपण पुष्कळदा बसला असाल. परतूर मागे पडले की सेलूच्या अलीकडे सातोना नावाचे एक लहानसे स्टेशन लागते. बऱ्याच गाड्या तेथे थांबत नाहीत. आपणही कधी खिडकीतून मान वळवून त्या गावाकडे पाहिले नसेल. पुढच्या वेळी अवश्य पाहा. मराठीतील एक थोर लेखक या गावात जन्मला आणि त्याच्याजवळ कोणत्याही कॉलेजची पदवी नव्हती.

हा विषय मी मुद्दाम निवडला आहे. दरवर्षी निकाल लागले की माझ्याकडे दोन तऱ्हेची माणसे येतात. एक वडील म्हणतात, सर, डिग्रीचा कागद घेऊन पोरगं काय करणार? कारखान्यात चिकटलं तर महिन्याला चार पैसे तरी घरात येतील. दुसरा असतो विद्यार्थी. शेवटच्या वर्षाचा एक पेपर राहिलेला असतो. म्हणून तो लग्नकार्याला जात नाही आणि शिक्षक दिसले की गल्ली बदलतो. एकाला ती सनद फुकाची वाटते, दुसऱ्याला ती गेली म्हणजे सर्वस्व गेले असे वाटते. या दोघांनीही बी. रघुनाथांचे चरित्र ऐकावे.

त्यांचे पूर्ण नाव भगवान रघुनाथ कुलकर्णी. जन्म १५ ऑगस्ट १९१३. त्या वेळी परतूर तालुका परभणी जिल्ह्यात होता. १ मे १९८१ रोजी जालना जिल्हा झाला आणि परतूर आपल्याकडे आले. म्हणजे आजच्या हिशेबाने ते आपल्याच जिल्ह्याचे सुपुत्र होत.

ते दिवस निजामी राजवटीचे होते. १९१८ साली हैदराबादला उस्मानिया विद्यापीठ निघाले आणि उर्दू माध्यमातून उच्च शिक्षण सुरू झाले. परंतु पदवी घ्यायची तर मराठवाड्यातील मुलाला हैदराबादचा खर्च झेपला पाहिजे. बी. रघुनाथ हैदराबादला शिकले, मॅट्रिकपर्यंत पोचले आणि तेथेच थांबले. बुद्धी कमी पडली नाही, घरची परिस्थिती आड आली. त्यांनी परभणीला सार्वजनिक बांधकाम खात्यात कारकुनाची नोकरी धरली.

येथे दुसरा कोणी नशिबाला बोल लावीत बसला असता. बी. रघुनाथांनी नोकरी सांभाळून लेखणी हाती घेतली. १९३६ साली 'ओ' ही त्यांची पहिली कादंबरी आली. पुढे 'हिरवे गुलाब', 'बाबू दडके', 'उत्पात', 'म्हणे लढाई संपली', 'जगाला कळले पाहिजे' अशा कादंबऱ्या आल्या. 'साकी', 'फकिराची कांबळी', 'छागल' हे त्यांचे कथासंग्रह. नुसती नावे वाचली तरी ध्यानात येते की आपल्या मुलखात शेजारी शेजारी नांदणाऱ्या मराठी आणि उर्दू या दोन्ही भाषा त्यांच्या कानात होत्या. 'आलाप आणि विलाप' हा कवितासंग्रह १९४१ साली निघाला. मराठवाड्याचे खेडे, तेथील माणसे आणि मध्यमवर्गाची ओढाताण त्यांनी मराठी साहित्यात आणली. पुण्या-मुंबईपासून दूर राहून त्यांनी हे सारे केले, तेही दिवसभर सरकारी फायली लिहून झाल्यावर!

परंतु वाचकहो, एवढ्यावर थांबलो तर मी आपली दिशाभूल केल्यासारखे होईल. पदवी नसली म्हणून काय बिघडले, असे कोणी म्हणेल. बिघडले नाही कसे? एवढ्या योग्यतेचा माणूस आयुष्यभर कचेरीत राबला. ७ सप्टेंबर १९५३ रोजी कचेरीतच हृदयविकाराने त्यांचा अंत झाला. चाळिसावे वर्ष पुरे होऊन जेमतेम तीन आठवडे झाले होते. 'आडगावचे चौधरी' ही कादंबरी आणि 'पुन्हा नभाच्या लाल कडा' हा कवितासंग्रह ही पुस्तके त्यांच्या मागे प्रसिद्ध झाली. ती छापलेली पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते. हातात पदवी असती तर कदाचित एखाद्या कॉलेजात शिकविण्याचे काम मिळाले असते आणि लिहिण्यास चार निवांत तास लाभले असते. ती सनद त्यांच्या पोटाच्या कामाची होती. लेखक होण्यासाठी मात्र तिच्यावाचून त्यांचे अडले नाही.

त्यांच्या निधनानंतर पाच वर्षांनी, १९५८ साली, मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले. १९६३ साली औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, मौलाना आझाद कॉलेज निघाले. जे दार बी. रघुनाथांना बंद होते ते आपल्या मुलांना उघडे झाले. पुढे त्यांच्याच साहित्यावर विद्यापीठांत प्रबंध लिहिले गेले. परभणीत आज त्यांच्या नावाचे महाविद्यालय आहे. ज्याला कॉलेजची पायरी चढता आली नाही, त्याच्या नावाच्या कॉलेजातून मुले पदवीधर होऊन बाहेर पडतात!

तेव्हा सनद म्हणजे काय? अमुक विद्यापीठाने नेमलेले अमुक विषय हा विद्यार्थी अमुक साली उत्तीर्ण झाला, एवढेच तो कागद सांगतो. हे सांगणे लहान नाही. बी.एड.ची सनद नसती तर आज मी वर्गात उभा राहू शकलो नसतो. पण घेतलेल्या इल्मचा त्या माणसाने पुढे काय उपयोग केला, हे कोणत्याही सनदेवर लिहिलेले नसते.

म्हणून पालकांनो, मुलाला आणि मुलीलाही अर्ध्या वाटेवरून माघारी आणू नका. बी. रघुनाथांना गरिबीने थांबविले. आपण आपल्या हाताने कोणाला थांबवू नये. आणि विद्यार्थी मित्रा, तुझा एक पेपर राहिला असेल तर फॉर्म भरून पुन्हा बस. कॉलेज सुटलेच असेल तर नाशिकचे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ पासून तुझ्यासारख्यांसाठीच चालू आहे. पेपर निघेपर्यंत घरात तोंड लपवून बसू नकोस. वाचीत राहा, हातात एखादे काम धर आणि समोरून मास्तर आले तर गल्ली बदलू नकोस. आम्ही तुझ्या गुणपत्रिकेची चौकशी करण्याआधी तुझी खुशाली विचारू.