साताऱ्याच्या नदीत जेलिफिश शोधणारा प्राध्यापक : कोण होते शं. पु. आघारकर?

पुण्यात गोपाळ गणेश आगरकर रस्त्यावर आघारकर संशोधन संस्था आहे. नावे इतकी सारखी, की ही संस्थाही समाजसुधारक आगरकरांचीच, असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात ती वनस्पतिशास्त्रज्ञ शंकर पुरुषोत्तम आघारकर यांच्या नावाने आहे. पिंपरी-चिंचवड किंवा चाकण परिसरातल्या महाविद्यालयात पर्यावरणाचा प्रकल्प करणाऱ्या विद्यार्थ्याने हा फरक जरूर लक्षात ठेवावा. त्याला जे काम सांगितले जाते, ते आघारकरांनी शंभर वर्षांपूर्वी करून दाखवले होते.

नेमका शोध कोणता?

आघारकरांचा जन्म १८ नोव्हेंबर १८८४ रोजी मालवणचा. मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयात शिकून ते तिथेच जीवशास्त्र शिकवू लागले. सह्याद्रीत फिरायचे, दिसेल ती वनस्पती आणि दिसेल तो जीव गोळा करून त्याची नोंद ठेवायची, हा त्यांचा परिपाठ होता. अशाच भटकंतीत सातारा भागातल्या नदीच्या गोड्या पाण्यात त्यांना जेलिफिश सापडला.

जेलिफिश म्हटले की समुद्र आठवतो. गोड्या पाण्यातला हा प्रकार तेव्हा फक्त आफ्रिकेत माहीत होता. त्यामुळे साताऱ्याचा हा एवढासा जीव मोठे कोडे घेऊन आला: आफ्रिका आणि सह्याद्री यांच्यात कधीकाळी काही नाते होते का? कोलकात्याच्या इंडियन म्युझियममधील प्राणिशास्त्रज्ञ नेल्सन अॅनन्डेल यांनी १९११-१२ च्या सुमारास त्याचे शास्त्रीय वर्णन केले. नाव पडले लिम्नोक्निडा इंडिका. त्याच्या सवयी आणि आढळ यांवर आघारकरांनी पुढे एफ. एच. ग्रेव्हली यांच्यासोबत लेखन केले. तेव्हा ते तिशीच्याही आत होते.

पुढे काय झाले?

कोलकाता विद्यापीठाने त्यांना वनस्पतिशास्त्राच्या रासबिहारी घोष प्राध्यापकपदी नेमले. अभ्यासासाठी ते जर्मनीला गेले आणि १९१४ मध्ये पहिले महायुद्ध पेटले. ब्रिटिश प्रजाजन म्हणून आघारकरांना स्थानबद्ध व्हावे लागले. तरीही अभ्यास सुटला नाही. वायव्य भारतात कमी पाण्यावर तगणाऱ्या वनस्पती कशा पसरल्या आणि मुळात कुठून आल्या, या विषयावर त्यांनी १९१९ मध्ये बर्लिनची डॉक्टरेट मिळवली. मायदेशी परतल्यावर १९४६ पर्यंत त्यांनी कोलकात्यात शिकवले.

निवृत्तीनंतर आराम करायचा, तर त्यांनी पुण्यात नवे काम काढले. १९४६ मध्ये महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी उभी राहिली आणि आघारकर तिचे संस्थापक संचालक झाले. १९६० मध्ये त्यांचे निधन झाले. १९९२ मध्ये संस्थेला त्यांचे नाव देण्यात आले. तिथल्या वनस्पतिसंग्रहात वाळवून जपलेले नमुने आहेत. कोणती वनस्पती, कुठे मिळाली, कधी मिळाली, हे अशा नमुन्यांवर लिहिलेले असते.

आजच्या विद्यार्थ्याशी संबंध काय?

सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये पर्यावरण शिक्षण सक्तीचे करण्याचा आदेश दिला. त्यानंतर विद्यापीठ अनुदान आयोगाने पदवीच्या सर्व शाखांसाठी सहा महिन्यांचा अभ्यासक्रम आखला. त्यात क्षेत्रभेटही आहे: परिसरातली नदी, टेकडी किंवा माळ पाहायचा, प्रदूषित जागा पाहायची, साध्या वनस्पती, कीटक आणि पक्षी ओळखायचे. म्हणजेच आघारकर करत होते तेच. फरक इतकाच, की अनेकदा हा प्रकल्प जुन्या फाइलवरून उतरवला जातो आणि विद्यार्थी नदीपर्यंत पोहोचतच नाही.

नुकसान गुणांपुरते नाही. रावेतच्या बंधाऱ्यावरून पिंपरी-चिंचवडला पाणी मिळते, तीच पवना शहर ओलांडून दापोडीजवळ मुळेला मिळते. रावेतला आणि दापोडीला पाण्याचा रंग, वास, काठचे गवत, मासे, बगळे यांत काय फरक पडतो? आळंदीत इंद्रायणीवर फेस आला की फोटो सगळीकडे फिरतात. पण त्या फेसाखाली आधी कोणते जीव होते, हे कोणी लिहूनच ठेवले नसेल, तर काय गमावले ते कसे मोजणार?

त्यासाठी महागडी प्रयोगशाळा लागत नाही. एकच घाट निवडायचा. चिंचवडला मोरया गोसावी मंदिराजवळचा पवनेचा काठही चालेल. दर महिन्याला त्याच जागी जायचे, तारीख आणि वेळ टाकायची, दिसेल ते लिहायचे, फोटो ठेवायचा. नाव माहीत नसेल तर वर्णन लिहायचे. साताऱ्याच्या त्या डोहाकडे आघारकरांनी नीट पाहिले म्हणून आज आपल्याला तिथल्या जेलिफिशची माहिती आहे. पवना आणि इंद्रायणीच्या काठाची अशी वही या वर्षीच्या विद्यार्थ्यांनी सुरू केली, तर दहा वर्षांनी नदी सुधारली की बिघडली, हे सांगायला पुरावा असेल.