ओवीकार फादर स्टीफन्स

युसूफ वडगावच्या शेजारी अंबाजोगाईत दासोपंत गीतेवर ओव्या रचीत होते, त्याच काळी गोमंतकात एक इंग्रज धर्मगुरू मराठी ओवी आत्मसात करीत होता. येशूसंघीय थॉमस स्टीफन्स 1579 साली गोव्यास आले, ते कायमचेच. साष्टीतील नवख्रिस्ती जनांस पूर्वीची पुराणे वर्ज्य झाली होती. श्रवणाची तहान मात्र गेली नव्हती. जुनी पुराणे नकोत तर नवे तरी द्या, अशी एका ब्राह्मणाने विनवणी केल्याचे स्टीफन्सच लिहितात. ते 'क्रिस्तपुराण' 1616 साली रोमी लिपीत छापले गेले. ओव्या सुमारे 11 हजार.

ईस्टरपूर्वीच्या चाळीस दिवसांच्या उपवासकाळात ख्रिस्ती भाविक ज्या क्लेशकथेचे चिंतन करतात, ती त्याच्या दुसऱ्या भागात आहे. वधाच्या आदल्या रात्री येशूने शिष्यांसह अखेरचे भोजन केले. भाकर आणि द्राक्षरस यांच्या रूपाने आपला देह व रक्त त्यांस दिले. प्रभुभोजनाचा विधी त्याचेच स्मरण होय. त्या काळी हा विधी लॅटिनमध्ये चाले, श्रोत्यांस अगम्य. मंत्र कळला नाही तरी आख्यान कळते, हे आम्हां कीर्तनकारांस कोणी सांगावयास नको! चर्चमध्ये हे पुराण वाचले जाऊ लागले, तेव्हा तीच कथा साष्टीकरांनी ओवीतून ऐकली.

1619 साली स्टीफन्स निवर्तले. पुराणाच्या जुन्या छापील प्रती लोपल्या. हस्तलिखिते मात्र राहिली.