टीबीवरचं पहिलं अँटिबायोटिक सापडलं मातीत, नोबेल मिळालं सरांना आणि विद्यार्थी गेला कोर्टात!

अँटिबायोटिक हा शब्द आज घराघरात पोहोचलाय. तो आजच्या अर्थाने रूढ करणारे शास्त्रज्ञ म्हणजे सेल्मन वॅक्समन. टीबीवरचं पहिलं अँटिबायोटिक त्यांच्याच प्रयोगशाळेत सापडलं. पण ते शोधलं कुणी, यावरून मोठा वाद झाला.

वॅक्समन यांचा जन्म १८८८ चा, आजच्या युक्रेनमधल्या एका ज्यू कुटुंबातला. १९१० मध्ये ते अमेरिकेला गेले. न्यू जर्सीतल्या रटगर्समध्ये शेतकीचं शिक्षण घेतलं आणि कॅलिफोर्नियात पीएचडी करून पुन्हा रटगर्सलाच शिकवायला आले. त्यांचा विषय होता मातीतले सूक्ष्मजीव.

मातीतल्या जिवाणूंची अन्नासाठी आपसात स्पर्धा चालते. त्यातले काही इतरांना मारणारी रसायनं सोडतात. ही रसायनं औषध म्हणून वापरता येतील का, हे वॅक्समन यांनी शिस्तीत तपासायला घेतलं. मातीतले हजारो सूक्ष्मजीव वाढवायचे आणि ज्याच्या आसपास दुसरे जिवाणू तग धरत नाहीत, तो वेगळा काढायचा. १९४० मध्ये अॅक्टिनोमायसिन मिळालं, पण ते फारच विषारी निघालं.

ऑक्टोबर १९४३ मध्ये २३ वर्षांचा विद्यार्थी अल्बर्ट शॅट्झ याला स्ट्रेप्टोमायसिन सापडलं. टीबीच्या जंतूंवर तो तळघरातल्या प्रयोगशाळेत काम करायचा. पेनिसिलिनने टीबी बरा होत नव्हता, या औषधाने होऊ लागला.

पेटंटवर दोघांचीही नावं होती आणि दोघांनीही हक्क रटगर्सच्या संस्थेला दिले होते. पुढे शॅट्झला कळलं की रॉयल्टीतला वाटा वॅक्समन यांना मिळतोय. १९५० मध्ये त्याने थेट खटला भरला. त्याच वर्षी तडजोड झाली. सहसंशोधक म्हणून शॅट्झला मान्यता आणि ३ टक्के वाटा मिळाला. वॅक्समन यांना १० टक्के, तर प्रयोगशाळेतल्या इतरांना मिळून ७ टक्के.

तरीही १९५२ चं नोबेल एकट्या वॅक्समन यांनाच मिळालं.

मग वॅक्समन यांनी श्रेय लाटलं का? शोधाची पद्धत, प्रयोगशाळा आणि अनेक वर्षांची तयारी त्यांची होती. प्रत्यक्ष शोध मात्र शॅट्झच्या हातून लागला. रॉयल्टीच्या पैशांतून रटगर्समध्ये सूक्ष्मजीवशास्त्राची संस्था उभी राहिली, ती १९५४ मध्ये सुरू झाली. आज तिला वॅक्समन यांचंच नाव आहे.

आपल्या पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्येही पुढे स्ट्रेप्टोमायसिन तयार होऊ लागलं.

१९७३ मध्ये वॅक्समन गेले. त्यानंतर २१ वर्षांनी, १९९४ मध्ये रटगर्सने आपलं मानाचं पदक शॅट्झ यांना दिलं. तेव्हा ते ७४ वर्षांचे होते.