कांद्याचे मूळ घर शोधणारे शास्त्रज्ञ : निकोलाय वाविलोव

थंड देशांतल्या प्रदर्शनात ८ किलोपेक्षा जास्त वजनाचा एकच कांदा ठेवल्याची छायाचित्रे तुम्ही पाहिली असतील. असे बियाणे आपल्याकडे लावले तर काय होईल, हा प्रश्न अनेकांना पडतो. त्याचे उत्तर समजून घेण्यासाठी निकोलाय वाविलोव या रशियन शास्त्रज्ञाची ओळख करून घ्यायला हवी. बियाण्याचे मूळ ठिकाण कोणते आणि ते कुठे, कसे वागते, या शोधात त्यांचे आयुष्य गेले. त्याची किंमतही त्यांनी मोजली.

बालपण आणि शिक्षण

वाविलोव यांचा जन्म १८८७ साली मॉस्को येथे झाला. वडील शेतकरी कुटुंबातून पुढे येऊन व्यापारी झाले होते. निकोलाय चार वर्षांचे असताना रशियात मोठा दुष्काळ पडला. पुढे त्यांनी मॉस्कोच्या कृषी संस्थेत शिक्षण घेतले आणि इंग्लंडमध्ये जाऊन अनुवंशशास्त्राचा अभ्यास केला. १९१७ मध्ये ते व्होल्गा नदीकाठच्या सारातोव शहरात प्राध्यापक झाले. १९२१ मध्ये याच व्होल्गा खोऱ्यात भीषण दुष्काळ पडला. त्याच वर्षी ते पेत्रोग्राद, म्हणजे नंतरच्या लेनिनग्राद येथे गेले आणि देशाच्या पीक संशोधनाची सूत्रे त्यांच्याकडे आली.

बियाण्यांसाठी भटकंती

नवी जात तयार करायची तर आधी जुन्या जाती हाताशी हव्यात, हे त्यांचे सूत्र होते. १९१६ मध्ये ते इराण आणि पामीरच्या डोंगरात गेले. १९२४ मध्ये त्यांनी अफगाणिस्तानात घोड्यांच्या काफिल्याबरोबर सुमारे ५,००० किलोमीटर प्रवास केला. पुढे भूमध्य समुद्राभोवतीचे देश, इथिओपिया, चीन, जपान आणि अमेरिका खंड येथून त्यांनी बियाणे आणले. १९४० पर्यंत संस्थेकडे सुमारे २.५ लाख नमुने जमले होते.

या फिरण्यातून एक गोष्ट त्यांच्या लक्षात आली. पिकाची विविधता जिथे सर्वात जास्त, तिथे त्या पिकाचे मूळ घर असण्याची शक्यता जास्त. कांदा आणि लसणाचे घर त्यांनी मध्य आशियात दाखवले. त्यात अफगाणिस्तान, ताजिकिस्तान, उझबेकिस्तान आणि भारताचा वायव्य भाग येतो. मोठ्या आकाराच्या कांद्याचे दुय्यम केंद्र मात्र त्यांनी भूमध्य समुद्राच्या परिसरात मानले. थंड देशांत आज लावले जाणारे स्पॅनिश प्रकारचे मोठे कांदे त्याच बाजूचे आहेत.

एकच बियाणे, अनेक ठिकाणे

१९२३ पासून वाविलोव यांच्या संस्थेने एकाच जातीचे बियाणे देशभर शंभराहून अधिक ठिकाणी पेरून पाहिले. ध्रुववृत्तापलीकडे खिबिनी येथेही संस्थेचे केंद्र होते. उन्हाळ्यात तिथे सूर्य मावळतच नाही. जागा बदलली की त्याच बियाण्याचा कालावधी आणि वाढ बदलते, हे या पेरण्यांतून दिसले. कांद्याला हे फार लागू पडते :

- कांद्याची प्रत्येक पात गड्ड्याचा एक पापुद्रा बनते. पाती जितक्या जास्त आणि जाड, तितका गड्डा मोठा.
- थंड देशांतील मोठ्या जाती साधारण १४ ते १६ तासांचा दिवस झाल्यावर गड्डा धरतात. म्हणून तिथे हिवाळ्यातच बी काचगृहात पेरतात आणि वसंत ऋतूत रोपे बाहेर लावतात. दिवस मोठा होईपर्यंत रोपाला भरपूर पाती येतात.
- रोप जाड झाल्यावर दीर्घकाळ थंडी बसली तर गड्ड्याऐवजी डेंगळे येतात.
- महाराष्ट्रातील जाती साधारण ११ ते १२ तासांच्या दिवसात गड्डा धरतात. थंड देशांतील मोठी जात इथे लावली तर पात वाढते, पण गड्डा नीट भरत नाही.

आपल्या देशातही हिमालयाच्या उंच भागासाठी ब्राऊन स्पॅनिश ही मोठ्या दिवसाची वेगळी जात वापरली जाते, ती याच कारणाने.

अखेर

त्या काळात त्रोफिम लिसेंको हे अनुवंशशास्त्र नाकारत आणि झटपट उत्पादनवाढीची आश्वासने देत. स्टालिन यांचा त्यांना पाठिंबा होता. वाविलोव यांनी विरोध केला. ऑगस्ट १९४० मध्ये युक्रेनमध्ये नमुने गोळा करत असतानाच त्यांना अटक झाली. त्यांना मृत्युदंड सुनावला गेला, नंतर तो २० वर्षांच्या कैदेत बदलला. २६ जानेवारी १९४३ रोजी सारातोवच्या तुरुंगात उपासमारीने खंगून त्यांचा मृत्यू झाला. ज्या शहरात ते कधीकाळी शिकवत होते, त्याच शहरात.

त्याच सुमारास लेनिनग्रादला जर्मन सैन्याचा वेढा होता. शहरात अन्न नव्हते. संस्थेत मात्र धान्याची पोती होती. कर्मचाऱ्यांनी बियाण्याला हात लावला नाही. बटाट्याचे वाण गोठू नये म्हणून मिळेल ते जाळून खोली उबदार ठेवली. त्यांच्यातले अनेक जण उपाशी मेले. भाताच्या संग्रहाची जबाबदारी सांभाळणारे शास्त्रज्ञही त्यात होते. १९५५ मध्ये वाविलोव यांना निर्दोष ठरवण्यात आले. आज ती संस्था त्यांच्याच नावाने ओळखली जाते.

आपण काय घ्यावे?

- परदेशी किंवा ऑनलाइन मिळणारे कांदा बियाणे घेताना ती जात लहान दिवसाची की मोठ्या दिवसाची, हे आधी विचारा. आकाराच्या चित्रावर जाऊ नका.
- नवी जात आधी एका वाफ्यात पाहा, मग क्षेत्र वाढवा.
- गावातील जुन्या वाणाचे थोडे बी दरवर्षी ताजे करून ठेवा. कांद्याचे बी साध्या साठवणुकीत एका वर्षानंतर झपाट्याने उगवणशक्ती गमावते.
- विस्तार कार्यकर्त्यांनी असे वाण कुठे टिकून आहेत याची नोंद करावी. एकदा गेलेले बियाणे पुन्हा कोणत्याही दुकानात मिळत नाही.