गोठलेल्या माशाचा धडा

बेळगावला समुद्र नाही. गोवा-कारवारकडून येणारा मासा बर्फातून येतो, आणि तो घेताना आमची आई आधी कल्ले उघडून पाहते. बर्फातला मासा म्हणजे शिळा, हे तिचे ठाम मत! क्लॅरेन्स बर्ड्‌सआयचे चरित्र वाचल्यावर मला समजले की दोष बर्फाचा नव्हे, थंडीच्या वेगाचा आहे.

बर्ड्‌सआयचा जन्म 1886 साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात झाला. ॲमहर्स्ट कॉलेजात शिकताना फीसाठी त्याने बेडूक पकडून प्राणिसंग्रहालयाला सापांचे खाद्य म्हणून विकले. तरीही पैसा पुरला नाही आणि पदवी न घेताच त्याला कॉलेज सोडावे लागले. फीची तारीख जवळ आली की आपल्यापैकी कितीजणांच्या पोटात गोळा येतो! म्हणूनच हा माणूस मला जवळचा वाटला.

1912 मध्ये तो कॅनडाच्या पूर्वेकडील लॅब्राडोर प्रदेशात कोल्ह्यांच्या कातड्यांच्या व्यापारासाठी गेला. तेथील इन्युइट लोक बर्फाला भोक पाडून मासे धरीत. पाणी 4 अंश सेल्सिअसला सर्वांत जड असते. म्हणून तळे वरून गोठते आणि खाली मासा मंदावलेल्या हालचालींनी जिवंत राहतो. पण उणे 40 अंशांच्या वाऱ्यात वर काढताच तो क्षणात कडक होई. (या एका आकड्यावर सेल्सिअस आणि फॅरनहाइट जुळतात.) काही महिन्यांनी वितळवून शिजवला, तर चव ताज्या माशाचीच!

बर्ड्‌सआयच्या आणखी एक गोष्ट ध्यानात आली. कडाक्याच्या हिवाळ्यात गोठलेला मासा उत्तम लागे. पण सौम्य हवेत गोठलेला बेचव होई. गोठणे सावकाश झाले की बर्फाचे मोठे स्फटिक बनतात, ते पेशी फाडतात आणि वितळताना रस वाहून जातो. झटपट गोठले तर स्फटिक बारीक राहतात. इन्युइट लोकांना हा अनुभव पिढ्यान्‌पिढ्यांचा होता. बर्ड्‌सआयने त्यामागचे कारण शोधले आणि तो हिवाळा यंत्रात आणण्याचा ध्यास घेतला.

वाट सोपी नव्हती. न्यूयॉर्कमधील त्याच्या पहिल्या मासळी कंपनीचे 1924 मध्ये दिवाळे निघाले. घरी बायको-मुले होती, पण त्याने हार मानली नाही. ग्लॉस्टर या मच्छीमारी बंदरात त्याने पुन्हा कंपनी काढली. कॅल्शियम क्लोराइडच्या अतिथंड द्रावणाने गार केलेल्या धातूच्या दोन पट्ट्यांमध्ये मासळीचे पुडे दाबून गोठविणारे यंत्र त्याने बनविले. 1929 साली हा धंदा 2 कोटी 20 लाख डॉलरांना विकला गेला आणि 1930 च्या मार्चमध्ये स्प्रिंगफील्ड शहरातील दुकानांत गोठविलेले अन्न प्रथम विक्रीस आले.

1956 साली न्यूयॉर्कमध्ये तो वारला. त्याची रक्षा ग्लॉस्टरजवळच्या समुद्रात सोडण्यात आली.

पदवीवाचून राहिलेल्या या माणसाने जे पाहिले, ते त्याच्याआधी अनेक व्यापाऱ्यांनी पाहिले असेल, खाल्लेही असेल. त्याने मात्र असे का होते, हा प्रश्न सोडला नाही. आपण प्रयोगशाळेच्या वहीत उत्तरे उतरवून घेतो. असा एखादा प्रश्न आपल्या वहीत कधी उतरतो काय?

आईला मी हे सारे सांगितले. तिने शांतपणे ऐकले आणि पुढच्या बाजाराला पुन्हा कल्ले उघडून पाहिले. तिचेही बरोबरच आहे. बाजारातला बर्फ मासा फक्त गार ठेवतो. लॅब्राडोरचा वारा त्यात नसतो.