रहस्यकथांची राणी : अगाथा ख्रिस्ती

नदीतून चाललेल्या बोटीवर खून झाला, तर खुनी पळून जाणार कुठे? तो तर प्रवाशांमध्येच बसलेला असणार! अशी कथा लिहिणाऱ्या अगाथा ख्रिस्ती यांची आज ओळख करून घेऊ.

त्यांचा जन्म १५ सप्टेंबर १८९० रोजी इंग्लंडमधील टॉर्की या समुद्रकाठच्या गावी झाला. मुलीने आठ वर्षांची होईपर्यंत वाचायला शिकू नये, असं आईचं मत होतं. पण छोटी अगाथा पाचव्या वर्षीच आपली आपण वाचायला शिकली. ती अकरा वर्षांची असताना वडील वारले.

पहिल्या महायुद्धात त्यांनी रुग्णालयात जखमी सैनिकांची सेवा केली. पुढे तिथल्याच औषध विभागात काम करताना त्यांना विषांची माहिती झाली. हीच माहिती नंतर कथांमध्ये उपयोगी पडली. त्यांची पहिली कादंबरी अनेक प्रकाशकांनी परत पाठवली. तरी त्यांनी धीर सोडला नाही. १९२० साली ती छापली गेली आणि हर्क्युल पॉयरो हा बेल्जियन गुप्तहेर वाचकांना भेटला.

१९२६ हे वर्ष मात्र फार वाईट गेलं. आई गेली, पतीने घटस्फोट मागितला. डिसेंबरमध्ये त्या अकरा दिवस बेपत्ता होत्या. शेवटी एका हॉटेलात सापडल्या. आत्मचरित्रातही त्यांनी त्या दिवसांबद्दल लिहिलं नाही.

पण त्या खचून घरात बसल्या नाहीत. १९२८ मध्ये त्या एकट्याच रेल्वेने बगदादच्या प्रवासाला निघाल्या. १९३० मध्ये पुरातत्त्वज्ञ मॅक्स मॅलोवन यांच्याशी त्यांचा विवाह झाला. इजिप्तमध्ये त्यांनी नाईल नदीतून बोटीने प्रवास केला. त्यातूनच १९३७ मध्ये ‘डेथ ऑन द नाईल’ ही कादंबरी आली.

हनिमूनला आलेली श्रीमंत लिनेट ‘कर्नाक’ बोटीवर झोपेत गोळी लागून मरते. पॉयरो तिथेच सुट्टीवर असतो. तो धावपळ करत नाही. प्रत्येकाचं बोलणं ऐकतो, बारीकसारीक गोष्टी टिपतो. लोभ आणि आंधळं प्रेम माणसाला कुठे नेतं, हे त्यातून कळतं. खुनी कोण, ते मी सांगणार नाही. मोठे झाल्यावर तुम्हीच वाचा!

१२ जानेवारी १९७६ रोजी अगाथा यांचं निधन झालं. त्यांनी ६६ रहस्यकादंबऱ्या लिहिल्या. मित्रांनो, पहिली कादंबरी परत आली तेव्हाच त्यांनी लेखणी खाली ठेवली असती, तर पॉयरो आपल्याला भेटलाच नसता.